गुळाची पट्टी आणि बदामची राणी

भुदरगड तालुक्यातील एका वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

‘मी 51 वर्षांचा शेतकरी आहे. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा झाला आणि अडत्याने पट्टी (विक्रीचा हिशेब) करून काही रक्कम रोख दिली. परतीच्या एसटीला पाऊण तास होता, म्हणून बसस्थानकाबाहेर चहा घेत उभा राहिलो. शेजारच्या बोळात उलट्या खोक्यावर तीन पालथ्या पत्त्यांतून राणी ओळखायचा खेळ चालला होता. एका माणसाने “दादा, माझं नशीब आज फिरलंय, माझ्या वतीनं तुम्हीच बोट ठेवा” म्हणून मला पुढे केले. मी बोट ठेवलेला पत्ता बदामची राणी निघाला आणि त्याने मला 200 रुपये दिले. मग मी स्वतः आधी 500, नंतर 3,000, नंतर 5,000 लावले आणि हरलो. शेवटी खेळवणारा थुंकायला वळला, तेव्हा त्याच माणसाने राणीचा कोपरा दुमडून मला डोळा मारला. मी 10,000 लावले. दुमडलेला पत्ता उलटला तर चौकटची छक्की! तेवढ्यात कोणीतरी “पोलीस” म्हणून ओरडले आणि बोळ रिकामा झाला. घरी मी एसटीत खिसा कापला असे सांगितले आहे. आता माझ्या मेहुण्याचा संशय बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या मुलावर आहे. तो आमच्याकडेच उसाला पाणी पाजायला येतो. मला विचारायचे ते असे. कोपऱ्याची युक्ती आता मला कळली आहे, तर सावधपणे खेळून पैसे परत मिळवता येतील का? पोलिसांत गेलो तर माझ्यावरच जुगाराची केस होईल का? आणि घरी खरे सांगावे का?’

स.न.वि.वि.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा सर्वांत तातडीचा आहे, कारण त्यात तुमच्याखेरीज आणखी एका माणसाची अब्रू अडकलेली आहे. तरीही मी पहिल्यापासूनच सुरुवात करते. त्या बोळात नेमके काय घडले हे तुम्हाला अजून नीट उमगलेले नाही, आणि ते उमगेपर्यंत घरी खरे सांगायला तुमची जीभ रेटणार नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तुमची नजर कितीही तीक्ष्ण असो आणि खिशात पाच हजार असोत की पन्नास, त्या खोक्यावरून परक्या माणसाने पैसे जिंकून न्यावेत अशी सोयच त्या खेळात ठेवलेली नसते. दिवाळीत घरी सतरंजीवर बसून आपण जी तीन पत्ती खेळतो, तिच्याशी याचा नावापुरताही संबंध नाही.

हातचलाखी कशी असते ते आधी सांगते. माझ्या लहानपणी मंगळवार पेठेत आमच्या घरामागे एक जादूगार राहत असत. शाळाशाळांतून प्रयोग करून त्यांनी आयुष्य काढले, आणि उतारवयात संधिवाताने बोटे आखडली तेव्हा आम्हा मुलांना जवळ बसवून ते आपली जुनी गुपिते उघडी करून दाखवत. एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातला पाट पालथा घातला, तीन पत्ते घेतले आणि प्रत्येकाला उभा बाक दिला, म्हणजे पालथा पडलेला पत्ताही कडांनी चटकन उचलता येतो. उजव्या हातात दोन पत्ते एकाखाली एक धरलेले असतात. वरचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात असतो, खालचा अंगठा आणि मधले बोट यांच्यात, आणि हा खालचा पत्ता, म्हणजे राणी, आपल्याला उघडून दाखवलेला असतो. हात खाली झुकतो आणि एक पत्ता पडतो. खालचा पत्ता आधी पडणार हे आपल्या डोक्याने परस्पर ठरवून टाकलेले असते, त्यामुळे पडली ती राणीच, असे आपले डोळे शपथेवर सांगतात. प्रत्यक्षात तर्जनी किंचित सैल होऊन वरचा पत्ता निसटलेला असतो, आणि राणी हातातच राहून नंतर दुसऱ्या जागी पडते. हे सगळे त्यांनी मला आधी समजावून सांगितले, मग त्या आखडलेल्या बोटांनी अगदी सावकाश करून दाखवले, आणि तरीही मी दहापैकी सात वेळा चुकले. समोरच्याने युक्ती ओळखली आहे असे वाटले तर ती करायचीच नाही, त्या खेपेला खालचा पत्ता सरळपणे आधी टाकायचा, असे ते म्हणत. त्यामुळे जाणकार माणूसही पुन्हा अंदाजावरच येऊन पडतो.

आता घटकाभर समजू या की हातचलाखी मुळीच नाही आणि राणी कुठे पडते हे निव्वळ नशिबावर आहे. पत्ते तीन, आणि जिंकलात तर लावले तितकेच वर मिळणार, हा त्या खोक्यावरचा हिशेब. शंभर-शंभर रुपयांचे 30 डाव खेळलात, तर सरासरीने 10 डाव जिंकून 1,000 रुपये येतील आणि 20 डाव हरून 2,000 जातील. म्हणजे एखाद्या सरळ माणसाने हा खेळ मांडला, तरी लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सुमारे 33 रुपये त्याच्या खिशात राहतात. पट्टीतल्या ज्या कपातीवरून तुम्ही दर हंगामात कुरकुरता, ती याच्यापुढे काहीच नव्हे.

पण ती टोळी हा हिशेबही नशिबावर सोडत नाही. समजा, तुमचे बोट योगायोगाने खऱ्या राणीवर पडले. मग त्याच क्षणी शेजारचा एखादा दुप्पट रक्कम टाकतो, ‘एका डावाला एकच बोली, जास्त लावेल त्याचीच’ असा नियम तिथल्या तिथे निघतो आणि तुमच्या नोटा तुम्हाला परत केल्या जातात. किंवा कोणाचा तरी धक्का लागून खोके कलंडते. किंवा तुम्हीच ऐकलीत ती ‘पोलीस’ अशी आरोळी येते. हरण्याचा डाव नेहमी पुरा होतो, तुम्ही जिंकणार असलात तर तो मोडला जातो.

दुमडलेल्या कोपऱ्याविषयी तुम्ही लिहिले आहे की युक्ती आता तुम्हाला कळली. नेमके काय कळले? पत्ते उचलून पुन्हा मांडताना खेळवणाऱ्याने बोटाच्या टोकाने राणीचा कोपरा सरळ केला आणि छक्कीचा दुमडला, हे तुम्ही नंतर तर्काने ताडले असणार, आणि ते बरोबरच आहे. पण राणीचा कोपरा खेळवणाऱ्याच्या नकळत दुमडला गेला होता, ही तुमची समजूत मात्र अजून तशीच दिसते. थुंकायला वळणे हाही त्या खेळाचाच भाग होता. कोपरा दुमडणारा त्याचा साथीदार होता, आणि सकाळपासून हे दृश्य त्यांनी आणखी कोणाकोणासमोर वठवले असेल हे त्यांचे तेच जाणोत. उद्या तुम्ही पुन्हा गेलात तर कोपऱ्याऐवजी पत्त्याच्या पाठीवर शाईचा ठिपका दिसेल, आणि तो ‘फक्त तुम्हालाच’ दिसलेला असेल.

पत्रातला तुमचा सगळा रोख पत्त्यांवर आहे, म्हणून मी तुम्हाला माणसे मोजायला सांगते. खेळवणारा एक. जिंकल्या-हरल्याचे सोंग करणारे त्याचेच दोघे-तिघे. बोळाच्या तोंडाशी टेहळणीला एक. आणि चहाच्या गाड्यापाशी उभा राहून कोणाच्या बनियनचा आतला खिसा फुगलेला आहे, हे हेरणारा आणखी एक. त्या वर्तुळात उभ्या असलेल्यांपैकी बहुधा तुम्ही एकटेच खरोखर खेळत होता. पहिल्या डावाला तुम्ही जिंकलात असे तुम्ही लिहिता, पण तो डावही तुमचा नव्हता. पैसे त्याचे होते, जिंकला तो आणि हरला त्याचाच जोडीदार, म्हणजे नोटा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेल्या. त्यातले 200 रुपये तुमच्या हातावर ठेवले गेले आणि पुढच्या चार डावांत 18,500 काढून घेतले गेले. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

तुम्ही आमच्या कोल्हापुरी मुलखातले आहात, तेव्हा नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून लढलेली कुस्ती, कशी असते हे मी सांगायला नको. खासबागेच्या कुस्ती मैदानात अशी कुस्ती लागली तर हौद्याभोवतीचे प्रेक्षक पहिल्या दोन मिनिटांतच ओरडू लागतात, कारण त्यांना डाव कळतात आणि ते कोणत्याही पैलवानाचे मिंधे नसतात. तुमच्या बोळात प्रेक्षकही त्यांचेच होते, पंचही त्यांचेच आणि समोरचा पैलवानही त्यांचाच. अशा ठिकाणी तुम्हाला डाव येतो की नाही, या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

हा खेळ आपल्याकडचाच आहे असेही समजू नका. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींवर आणि पुढे आगगाड्यांत याच तीन पत्त्यांवर टोळ्या जगल्या. त्यांतला सर्वांत नावाजलेला ‘कॅनडा बिल’ जोन्स 1877 साली वारला, तो भोळसट खेडुताचे सोंग घेऊन बसत असे, म्हणजे समोरच्याला वाटावे की येथे बकरा आपण नसून हा आहे. इंग्लंडमध्ये याला ‘बाई शोधा’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि फ्रान्समध्ये ‘बोन्तो’ म्हणतात. नाव कोणतेही असो, जागा मात्र सगळीकडे सारख्याच सापडतात : धक्का, स्टेशन, बसस्थानक, यात्रेची वाट. तिथल्या माणसाकडे रोकड असते, त्याला पुढची गाडी गाठायची असते आणि तो उद्या पुन्हा त्या जागी येणार नसतो. तुमचा पाऊण तास त्यांच्या दृष्टीने अगदी मापात होता.

याच कुळातले आणखी दोन खेळ सांगते, कारण एकाला ओळखलेला माणूस दुसऱ्याला फसतो. एकात तीन वाट्या आणि एक मऊ गोळी असते. गोळी स्पंजची किंवा मऊ रबराची असल्यामुळे वाटी पुढे सरकवताना ती मागच्या कडेखालून दबून बाहेर येते आणि बोटांच्या बेचक्यात जाते. तुम्ही तीनपैकी एक वाटी निवडता तेव्हा गोळी एकीखालीही नसते. दुसऱ्या खेळात कमरेचा पट्टा दुमडून त्याची गुंडाळी करतात आणि मधल्या दोन वेढ्यांपैकी एकात काडी रोवायला सांगतात. पट्टा ओढल्यावर काडी अडकली तर तुम्ही जिंकलात. तुम्ही कुठेही काडी रोवा, पट्ट्याची टोके शेवटी कोणत्या बाजूने सोडवायची हे त्याच्या हातात असते, त्यामुळे काडी प्रत्येक वेळी मोकळी निघते. जोतिबाच्या यात्रेत साबणाच्या वडीवर रिंग टाकायचा जो खेळ असतो, त्याला मी यांच्या पंक्तीला बसवणार नाही. तिथे रिंग मुद्दाम जेमतेम मापाची असते आणि दहा रुपये बहुतेक वाया जातात हे खरे, पण रिंग नीट बसली तर वडी तुम्हाला मिळते.

आता त्या खोडलेल्या वाक्याविषयी. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक ओळ तुम्ही निळ्या शाईने गिरवून खोडली आहे, तरी ती वाचता येते : ‘मी पण त्याला फसवायलाच बसलो होतो.’ संपादकांनी ती वगळावी असे तुम्हाला वाटले असेल, परंतु माझ्या मते तुमच्या सगळ्या अडचणीचे मूळ त्या ओळीतच आहे. कोपरा दुमडण्याचे नाटक टोळी करते ते केवळ मोठी रक्कम काढून घेण्यासाठी नव्हे. त्या क्षणी तुम्ही त्यांच्या लबाडीत भागीदार होता, आणि आपणही लबाडीला हात घातला होता हे ज्याला ठाऊक असते, तो माणूस ना पोलिसांकडे जातो ना बायकोला सांगतो. तुमची लाज हे त्यांचे कुलूप आहे. खिसा कापल्याची थाप तुमच्या तोंडून निघाली ती त्यामुळेच. तुमच्या हातून हाव झाली आणि ती कबूल करावी लागेल, पण तुमच्या खऱ्या चुकीपेक्षा पुष्कळ मोठी चूक त्यांनी तुमच्या पदरात बांधून दिली आहे, तेवढी उचलून घेऊ नका.

दुसरा प्रश्न कायद्याचा. तुमची भीती अगदीच निराधार नाही. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आजही लागू आहे आणि सार्वजनिक रस्त्यावर जुगार खेळताना सापडलेल्या खेळणाऱ्यालाही पोलीस त्याखाली पकडू शकतात. परंतु तुमच्या बाबतीत घडले ते जुगाराच्या आड केलेली फसवणूक आहे. ज्याला आपण इतकी वर्षे ‘चारशे वीस’ म्हणत आलो, तो गुन्हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आला आहे. त्याच संहितेचे कलम 112 टोळीने केलेल्या चोरी, फसवणूक, बेकायदा जुगार अशा किरकोळ संघटित गुन्ह्यांसाठी आहे आणि त्यात किमान एक वर्ष ते सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. तक्रार देताना ‘खेळात हरलो’ एवढेच म्हणून थांबू नका, कारण पैजेच्या पैशासाठी दावा चालत नाही हे 1872 च्या करार कायद्यापासून ठरलेले आहे. कोणी पुढे बोलावले, कोणी बोट ठेवायला लावले, कोपरा कोणी दुमडला, आरोळी कुठून आली, हे सगळे क्रमाने सांगा, आणि स्वतः पैसे लावल्याचेही लपवू नका. कोल्हापूरला यायला जमत नसेल तर तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार नोंदवता येते, ते ती योग्य हद्दीत पाठवतात. सोबत गुळाच्या पट्टीची प्रत न्या, म्हणजे रोकड कुठून आली हे दिसेल. कॅमेऱ्यांचे चित्रण फार दिवस जपून ठेवलेले नसते, त्यामुळे आधीच गेलेल्या महिन्यात आणखी भर घालू नका. मनात धाकधूक असेल तर जाण्यापूर्वी एखाद्या वकिलाला विचारा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत सल्ला मिळतो.

पैसे परत मिळतील का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते तुमच्या मनात असणार. खोक्यावर गेलेली रोकड क्वचितच परत येते, तेव्हा 18,300 रुपये गेले असे धरून घराचा हिशेब मांडा. आणि येत्या काही दिवसांत ‘त्या टोळीला मी ओळखतो, थोडा खर्च करा, रक्कम काढून देतो’ असे म्हणणारा कोणी भेटला, तर त्याच्याकडे पाठ फिरवा. तो त्याच खोक्याचा दुसरा डाव असतो. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हल्ली मोबाईलवरच्या गटांची पत्रे फार असतात. तिथे दोनशे जण ‘मला आज इतके मिळाले’ म्हणून पावत्यांची चित्रे टाकत असतात आणि त्या दोनशेंत खरा माणूस पत्र लिहिणारा एकटाच निघतो. तुमच्या घरातल्या तरण्या मुलांना बोळाची हकीकत सांगाल तेव्हा हेही सांगा.

राहता राहिला तिसरा प्रश्न. आज रात्री जेवणे झाल्यावर पत्नीला एकटीला सांगा. सुरुवात पत्त्यांच्या युक्तीपासून करू नका, नाहीतर ती लांबलेली सबब वाटेल. ‘खिसा कापला नव्हता, मी पैसे लावले आणि गमावले, आणि तुझ्याशी खोटे बोललो’ एवढी तीन वाक्ये आधी बोला आणि मग गप्प बसा. ती चिडेल. तिचा राग पैशांवर कमी आणि महिनाभराच्या थापेवर जास्त असेल, आणि तो तिने व्यक्त करेपर्यंत तुम्ही टोळीचे वर्णन काढू नका. मेहुण्याला फोन मात्र तुम्हीच करा, तिच्यावर ढकलू नका. त्या मुलाविरुद्ध तक्रार द्यायचे त्याच्या मनात असेल, तर ते आजच्या आज थांबले पाहिजे. घडलेलेच नाही अशा चोरीची खबर पोलिसांना देणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्यात तुम्ही स्वतः अडकाल.

आणि सकाळी पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी त्या मुलाच्या घरी जा. तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे, की गेल्या तीन आठवड्यांत त्याला पाण्याच्या पाळीला बोलावलेले नाही. त्याला कारण कोणी सांगितले नसेल, पण वस्तीवर ते केव्हाच पोहोचले असणार. त्याच्या आईवडिलांसमोर सांगा की त्याने काही घेतले नाही आणि तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. हे दुसरे अर्धवाक्य जड जाईल, पण ते गाळलेत तर बाकीचे ऐकून ते एवढेच समजतील की चोर दुसरीकडे सापडला. बुडालेल्या पाळ्यांची मजुरी सोबत घेऊन जा आणि पुढची पाळी कधी आहे ते त्याला तिथेच सांगून या.